पापणीची घडी : ‘बारीक डोळे’ म्हणजे नेमकं काय बारीक?

रेखाकार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात चित्रकलेचे वर्ग घेतो. फाइन आर्ट्सच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी मुलं असतात, सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी असतात. व्यक्तिचित्रासाठी समोर बसायला अधूनमधून एक मुलगी येते. मूळची मणिपूरची, एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, फतेगंजला राहते. तिचं नाक, ओठ, हनुवटी सगळ्यांना जमतं. डोळ्यांपाशी अख्खा वर्ग घसरतो. दोन तिरक्या रेघा मारायच्या की झालं. मी विचारलं, "समोर बघा, कुठे आहेत तिरक्या रेघा?" तर एक चिरंजीव म्हणाले, "सर, त्यांचे डोळे असेच असतात ना." म्हणजे समोर बसलेलं माणूस राहिलं बाजूला, डोक्यातलं ठरलेलं चित्रच कागदावर उतरतंय.

‘बारीक डोळे’, ‘चिनी डोळे’ म्हणून चित्र काढता येत नाही, आणि समोरच्या मुलीसमोर ते बोलायचंही नाही. मला रचना समजून घ्यायची आहे. डोळा लहान असतो का? खोबण वेगळी असते का? पापणीत काही जास्त असतं की कमी? चित्रकारांसाठीच्या शरीररचनेच्या पुस्तकांत बहुधा एकाच प्रकारचा डोळा सापडतो, आणि तो कुठल्यातरी ग्रीक पुतळ्याचा असतो. इथे डॉक्टर आहेत, परदेशी राहिलेले लोक आहेत, म्हणून धागा काढला. मोमोचे विनोद कृपया नकोत.

मकरपुरावाला

बुबुळच लहान असणार. कॅमेरा लहान तर काच लहान. आता सांगा डॉक्टर, किती मार्क?

नेत्रवैद्य

शून्य. 🙂

रावपुऱ्यात माझं डोळ्यांचं क्लिनिक आहे, वय झालंय तरी सकाळी बसतो. रेखाकार, तुमचा प्रश्न फार आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, नेत्रगोल. मोठ्या माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिमी असतो. मणिपुरी असो, नॉर्वेचा असो की आपला दांडिया बाजारातला. मायनस नंबर मोठा असेल तर तो थोडा लांबट होतो, पण त्याचा वंशापेक्षा चष्म्याशी जास्त संबंध. पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, साडेअकरा-बारा मिमी रुंद. म्हणजे गोळा तोच, काचही जवळजवळ तीच. फरक आहे तो समोरच्या पडद्यात.

वरच्या पापणीत बाहेरून आत जाताना काय काय लागतं ते सांगतो. आधी कातडी, अख्ख्या शरीरातली सर्वांत पातळ. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस. त्याच्यामागे वरच्या बाजूला एक पातळ पडदा, ऑर्बिटल सेप्टम, जो खोबणीच्या कडेपासून खाली येतो. सेप्टमच्या मागे चरबीची उशी. चरबीच्या मागे पापणी उचलणारा स्नायू लेव्हेटर. हा खोबणीच्या अगदी मागच्या टोकापासून निघतो आणि पापणीत शिरताना रुंद, पांढऱ्या, चपट्या कंडरेसारखा होतो. आम्ही त्याला अपोन्यूरोसिस म्हणतो. पापणीच्या कडेला टणक पट्टी असते, टार्सल प्लेट, जिच्यामुळे पापणी ताठ राहते. लेव्हेटर या पट्टीला धरतो आणि वर ओढतो. आणि त्याचे काही तंतू पुढे सुटतात, गोल स्नायूतून वाट काढत कातडीपर्यंत पोचतात.

घडी पडते ती या सुटलेल्या तंतूंमुळे. गोधडीला जिथे टाका असतो तिथे खळगा पडतो, बाकीचा कापूस फुगून राहतो, अगदी तसं. डोळा उघडला की तंतूंनी धरलेली कातडी आत खेचली जाते आणि वरची कातडी तिच्यावर घडी घालून बसते.

आता फरक. सेप्टम आणि अपोन्यूरोसिस एकमेकांना कुठे चिकटतात, यावर सगळं ठरतं. युरोपीय आणि आपल्याकडच्या बहुतेक लोकांत ते टार्सल पट्टीच्या वरच्या कडेच्याही वर चिकटतात. चरबी वरच अडते, तंतू कातडीपर्यंत जातात, घडी ठळक पडते. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत हा जोड खाली, पट्टीच्या समोर कुठेतरी असतो. मग चरबीची उशी खाली उतरते, तंतूंच्या आड येते, कातडीला आत ओढणारं काही उरत नाही. घडी एकतर पडतच नाही किंवा केसांच्या अगदी जवळ पडते. पापणी भरीव दिसते. यात कुठलाही अवयव कमी नाही आणि जास्तीचाही नाही. एका पडद्याचा जोड काही मिलिमीटर वर की खाली, एवढाच सगळा मामला.

आकडेच हवे असतील तर, डोळा मिटून पापणीच्या कडेपासून घडीपर्यंत मोजलं तर युरोपीय बायकांत साधारण ८ ते १० मिमी भरतात, पुरुषांत थोडे कमी. पूर्व आशियाई लोकांत घडी असली तरी बऱ्याचदा पाच-सहा मिमीवर किंवा त्याहून खाली असते. आणि हो, घडी नसणं म्हणजे ‘चिनी डोळा’ हे समीकरणही चूकच. चीन, जपान, कोरियात ठळक घडी असलेले लोक भरपूर आहेत. अंदाज वेगवेगळे आहेत, पण ढोबळमानाने निम्म्यांना घडी, निम्म्यांना नाही, असं सांगितलं जातं. सख्ख्या बहिणींत एकीला असते, दुसरीला नसते. एकाच माणसाच्या डाव्या डोळ्याला असते आणि उजव्याला नसते, असंही पुष्कळ दिसतं.

दुसरी वेगळी गोष्ट म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यातली कातडीची झालर. एपिकँथल फोल्ड. तिच्यावर रात्री लिहितो, आता पेशंट आलाय.

वाचकस्मिता

वाचतेय. डॉक्टर, रात्रीची वाट बघते.

रेखाकार

हे वाचून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे आमची पोरं घडीची रेघ सवयीने ओढतात, ती तिथे नसतेच. मग रिकामं वाटतं म्हणून बुबुळ अर्धं झाकतात आणि डोळा ‘बारीक’ होतो. डॉक्टर, पापणीचे केस कसे पडतात? तेही नेहमी चुकतात.

नेत्रवैद्य

छान निरीक्षण. घडी नसेल तर कातडीचा गोल कडा पापणीच्या काठावर उतरतो आणि केसांची मुळं झाकतो. केस कातडीच्या खालून बाहेर आल्यासारखे दिसतात आणि त्यांचा रोख समोर किंवा किंचित खाली असतो. आपण जाहिरातींत बघतो तसे वर वळलेले नसतात. केस वर वळवून काढलेत की चेहरा बदलला समजा.

आता ती झालर. ती वरच्या पापणीतून निघून नाकाकडच्या कोपऱ्यावरून खाली येते आणि तिथला गुलाबी मांसल ठिपका, कॅरंकल, थोडा किंवा पूर्ण झाकते. कोपरा झाकला गेला की आतली बाजू खाली कललेली भासते आणि डोळा तिरका वाटतो. खरा तिरकेपणा मोजला तर बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा थोडा वर असणं हे बहुतेक सगळ्या माणसांतच असतं. पूर्व आशियात सरासरीने जरा जास्त असेल, पण चित्रात तुमची मुलं काढतात तितका कोणातच नसतो. त्यातला मोठा वाटा या झालरीने केलेल्या भासाचा.

झालर पूर्व आशिया, आग्नेय आशिया, मध्य आशिया, तिबेट, आपल्याकडे लडाख, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मिझोरम इथे सर्रास दिसते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी काहींत दिसते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात कलहारी वाळवंटातल्या सान लोकांत दिसते, ज्यांचा चीनशी सुतराम संबंध नाही. आणि सगळ्यांत मोठा गट राहिलाच: तान्ही बाळं. कुठल्याही वंशाची. नाकाचं हाड वर आलेलं नसतं तोवर कोपऱ्यात जास्तीची कातडी साठून असते. नाक वर आलं की ती ताणली जाते आणि झालर पुसली जाते. तुमचे-माझे तान्हेपणीचे फोटो काढून बघा.

सुमनआजी

डॉक्टरसाहेब, मीही याच विषयाने हैराण आहे म्हणून लिहिते. माझी सूनबाई नागालँडची. फार गुणी मुलगी. दोघं बंगळूरला असतात. नातू सात महिन्यांचा झाला, सध्या माझ्याकडे बडोद्याला आलेत. शेजारच्या बायका येऊन बघतात आणि जाताना माझ्या कानात सांगतात, "पोरगं तिरळं बघतंय हो." एकीने तर कहर केला. म्हणाली, "चेहऱ्यावरून मतिमंद तर नाही ना, तपासून घ्या." सुनेने ऐकलं असेल का, या विचाराने मला झोप नाही. मालिशवाली बाई नाक चिमटीत धरून वर ओढते, म्हणते दांडा वर येईल. काजळ घातलं की डोळे मोठे होतात असंही सांगतात. काय खरं, काय खोटं?

नेत्रवैद्य

सुमनताई, एकेक घेऊ.

तिरळेपणाचा भास. झालर डोळ्याच्या नाकाकडच्या पांढऱ्या भागाला झाकते. त्यामुळे बुबुळ आत वळल्यासारखं दिसतं, विशेषतः बाळ बाजूला बघतं तेव्हा. याला आम्ही खोटा तिरळेपणा म्हणतो आणि आमच्याकडे यासाठी येणाऱ्या आयांची संख्या कमी नसते. घरी एक सोपी चाचणी करा. बाळाच्या समोर, हातभर अंतरावर छोटा टॉर्च धरा. दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा बारीक ठिपका दिसेल. दोन्हीकडे तो एकाच जागी, साधारण मधोमध असेल तर डोळे सरळ आहेत. एकीकडे मध्यावर आणि दुसरीकडे कडेला असेल तर खरा तिरळेपणा असू शकतो. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोतही हेच बघता येतं. ठिपके जुळले तरी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण खोटा तिरळेपणा असलेल्या काही मुलांत पुढे खराही निघतो. आणि खरा असेल तर लवकर उपचार हवेत, नाहीतर तो डोळा आळशी होतो. ‘मोठेपणी आपोआप जाईल’ हे वाक्य खोट्या तिरळेपणाला लागू आहे, खऱ्याला नाही. शेजारणींना हा भेद माहीत नसतो.

एक गोष्ट मात्र थांबून चालत नाही. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. तुमच्या नातवाबद्दल म्हणत नाहीये, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय.

नाक ओढणं बंद करा. हाड आपल्या वेळेने वाढतं, आणि आईकडून आलेली ठेवण असेल तर झालर आयुष्यभर राहील, त्यात बिघडलेलं काही नाही. काजळाने डोळा मोठा होत नाही. काही काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडलं आहे, बोटाने घालताना जंतू जातात. नको.

आता ती शेजारीण. ती जे बोलली त्यामागे दीडशे वर्षांचा जुना घोळ आहे. १८६६ साली इंग्लंडमध्ये जॉन लँग्डन डाऊन या डॉक्टरांनी आपल्या संस्थेतल्या काही मुलांचं वर्णन केलं. त्यांचे डोळे, चपटं नाक बघून त्यांना मंगोलियन वंशासारखं ठरवलं आणि ‘मंगोल’ हे नाव चिकटलं. पुढे १९५९ मध्ये जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कारण आहे एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. वंशाचा संबंधच नव्हता. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून ते नाव सोडायची विनंती केली. त्यात खुद्द डाऊन यांचे नातूही होते. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे आक्षेप घेतला आणि तेव्हापासून संघटनेने ते वापरणं सोडलं. आज आम्ही डाऊन सिंड्रोम म्हणतो.

त्या मुलांत झालर दिसते हे खरं, पण एका झालरीवरून कोणी निदान करत नाही. स्नायूंचा ढिलेपणा, तळहाताच्या रेषा, हृदय, आणि शेवटी गुणसूत्रांची तपासणी. आई नागालँडची असेल तर बाळाला झालर असणं हे आईचं देणं. सूनबाईंना हे तुम्हीच सांगा, शेजारणीच्या आधी.

सुमनआजी

टॉर्च लावून बघितला. दोन्ही ठिपके अगदी मधोमध! तपासायलाही नेणार आहे. मालिशवालीला आज सांगितलं, नाकाला हात लावायचा नाही. ती रुसली. रुसू दे.

वाचकस्मिता

सुमनआजी, तुमच्या सुनेला तुमच्यासारखी सासू मिळाली हे तिचं भाग्य. आमच्याकडे घाऱ्या डोळ्यांचं केवढं कौतुक! बाळ घारं निघालं की अख्खी चाळ बघायला येते. आणि झालरीचं बाळ बघायला येणाऱ्या कानात कुजबुजतात.

हिमशिखर

चर्चा छान चालू आहे. पण ‘का’ याचं उत्तर कोणीच दिलं नाही. ते सरळ आहे. थंडी आणि बर्फ. सायबेरियात बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश, झोंबणारे वारे. चरबीची उशी डोळ्याला ऊब देते, झालर चकाकी अडवते. निसर्गाने केलेला गॉगल. हे मी शाळेच्या भूगोलात शिकलोय.

चिकित्सक

हिमशिखर, ही कल्पना जुनी आहे. १९५० च्या सुमारास कून, गार्न आणि बर्डसेल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी ती जोरात मांडली होती: चपटा चेहरा, भरीव पापण्या, सगळं कडाक्याच्या थंडीसाठी घडलेलं. ऐकायला गोड आहे. पण पुरावा शोधायला गेलं की घसरगुंडी होते.

इनुइट लोकांचंच घ्या. आर्क्टिकमध्ये पिढ्यानपिढ्या राहणारे, पापण्या तुम्ही म्हणता तशाच. तरी ते हाडाचे, लाकडाचे, फटीचे गॉगल कोरून घालत आले. पापणीच गॉगल असती तर वॉलरसचा दात कोरत बसायची गरज काय होती?

हिमशिखर

पापणी थोडी मदत करते, बाकीची गॉगल. त्यात विसंगती काय? शिवाय तुमच्या सान लोकांचंही जमतं. कलहारीत वाळूची चकाकी असतेच.

चिकित्सक

मग सहारात नाही का वाळू? तुआरेग, अरब यांच्यात ही झालर का नाही? आणि बोर्निओच्या दाट, दमट जंगलात कसली चकाकी? बर्फ, वाळू, जंगल, पाऊस सगळीकडे उपयोगी पडणारं स्पष्टीकरण खरं म्हणजे काहीच स्पष्ट करत नाही. तुम्ही म्हणाल, लोक उत्तरेकडून स्थलांतरित झाले, येताना पापणी घेऊन आले. मान्य, तसं असू शकतं. पण मग हेही मान्य करा की एखादं वैशिष्ट्य कसलाही फायदा नसताना निव्वळ योगायोगाने, लहान टोळीतून मोठ्या लोकसंख्येत पसरू शकतं. जनुकांचं असं वाहत जाणं हे नैसर्गिक निवडीइतकंच खरं आहे. किंवा लोकांना ती ठेवण आवडली आणि जोडीदार तसे निवडले गेले. प्रत्येक अवयवाला काहीतरी काम असलंच पाहिजे हा हट्ट मला पुराणातल्या गोष्टींसारखा वाटतो: मोराच्या पिसावर डोळे का, तर इंद्राने दिले.

आणि ‘वंश’ हा शब्द इथे सहज वापरला जातोय म्हणून. १७९५ मध्ये ब्लूमेनबाख यांनी कवट्या बघून माणसांचे पाच गट पाडले, त्यातला एक ‘मंगोलियन’. आपली पाठ्यपुस्तकं तिथेच अडकली. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांचा हिशेब मांडला, तेव्हा माणसांमधली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकाच समाजाच्या आत निघाली. पापणी ही दिसणारी गोष्ट आहे म्हणून आपण तिच्यावर सीमा आखतो. बंगालमधून आसाम, आसाममधून नागा टेकड्या असा प्रवास करा, घडी हळूहळू खाली उतरत जाते आणि मध्येच वर येते. कुठल्या स्टेशनवर रेघ मारणार?

हिमशिखर

मोराचं उदाहरण झोंबलं, पण विचार करतो. थंडीचा सिद्धांत मी पूर्ण सोडलेला नाही, नोंद असावी.

टोकियोकर

इथे नऊ-दहा वर्षं राहते, मूळची बडोद्याची. जपानीत घडी नसलेल्या पापणीला ‘हितोए’ आणि घडीवाल्या पापणीला ‘फुताए’ म्हणतात. औषधांच्या दुकानात अख्खा कप्पा पापणीच्या चिकटपट्ट्यांचा आणि गोंदाचा असतो. शाळकरी मुली सकाळी चिकटवतात, टोकाला बेचकी असलेल्या काडीने दाबतात, घडी पडते, संध्याकाळी निघते. कोरियात शस्त्रक्रियेचं प्रमाण फार. बारावीसारखी परीक्षा झाली की आईवडील भेट म्हणून पापण्या करून देतात, हे तिथल्या मैत्रिणीकडून ऐकलं तेव्हा मला वाटलं थट्टा करतेय.

मकरपुरावाला

म्हणजे शेवटी सगळ्यांना गोरंच व्हायचंय. आपल्याकडे फेअरनेस क्रीम, तिकडे पापणी.

टोकियोकर

इतकं सरळ नाही हो. जपानमध्ये घडी घालायची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मिकामो नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा मेइजी काळ, पाश्चात्त्य कपडे-शिष्टाचार शिरलेच होते, म्हणून तुमचा संशय अगदीच खोटा नाही. पण घडी तर कितीतरी जपानी लोकांना जन्मतःच असते. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीसारखं दिसायची इच्छा ही ‘गोरं’ व्हायची इच्छा असतेच असं नाही. कोरियात १९५० च्या दशकात मिलार्ड हे अमेरिकी शल्यचिकित्सक युद्धानंतर काम करत होते, त्यांनी मात्र उघडच पाश्चात्त्य चेहरा नमुना मानून लिहिलं. ते आज वाचवत नाही.

आणि उलट बाजूही आहे. हेआन काळातल्या (सुमारे आठव्या ते बाराव्या शतकातल्या) जपानी चित्रांत सगळ्या सुंदर स्त्री-पुरुषांचे डोळे म्हणजे फक्त एक रेघ आणि नाक म्हणजे एक बाकदार आकडी. तेव्हा तीच सौंदर्याची रीत होती. टपोरा डोळा काढला असता तर गावंढळ ठरला असता.

नेत्रवैद्य

शस्त्रक्रियेबद्दल थोडं. दोन मुख्य पद्धती. एक, टाक्यांची: पापणीतून धागे ओवून कातडी आणि आतला उचलणारा थर बांधायचा. सोपी, पण काही वर्षांनी सैल होऊ शकते. दुसरी, छेद घेऊन: कातडीचा पट्टा, कधी थोडी चरबी काढून कायमची घडी बसवायची. घडी किती उंचीवर ठेवायची ही खरी कसोटी. वर बसवली की चेहरा कायम दचकलेला दिसतो आणि ते परत उतरवणं कठीण.

चिकटपट्ट्यांबद्दल एक सूचना. रोज ओढून ओढून पापणी सैल पडू शकते आणि डोळा खरोखरच अर्धा मिटलेला दिसू लागतो. कडक कॉन्टॅक्ट लेन्स वर्षानुवर्षं ओढून काढणाऱ्यांतही हे होतं. लेव्हेटरची कातडीतली आणि पट्टीवरची पकड सुटत जाते.

घडी नसण्यात दुखणं नाही, पण एक त्रास मात्र पूर्व आशियाई मुलांत जास्त दिसतो. खालच्या पापणीची कातडी वर सरकते आणि केस बुबुळाला टोचतात. एपिब्लेफेरॉन. बहुतेकांचं वाढीबरोबर सुटतं, काहींना छोटी शस्त्रक्रिया लागते. डोळा सारखा चोळणारं, उजेडात डोळे मिटून घेणारं मूल असेल तर बघून घ्यावं.

फतेगंजकर

मी फतेगंजला भाड्याने खोल्या देतो. ईशान्येची मुलं बरीच वर्षं राहून गेली आहेत माझ्याकडे. मिझो मुलगा एकदा म्हणाला, "अंकल, इधर लोग पूछते हैं चाइना से कब आया?" त्याचे वडील भारतीय लष्करात सुभेदार. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निदो तानिया या तरुणाचा मारहाणीत जीव गेला, त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या अडचणी बघायला सरकारने बेझबरुआ समिती नेमली. केसांवरून, चेहऱ्यावरून चिडवण्यापासून ते सुरू झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलेले मिलिमीटर वाचताना तेच डोक्यात येत होतं.

मकरपुरावाला

मघाच्या बुबुळाच्या विनोदाबद्दल पुढे काही बोलत नाही. एक माहिती देतो. माझं काम सॉफ्टवेअरचं. २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये आशियाई वंशाच्या एका तरुणाचा पासपोर्टसाठीचा फोटो ऑनलाइन यंत्रणेने नाकारला. कारण दिलं, डोळे मिटलेले आहेत. डोळे सताड उघडे होते. यंत्राला जे चेहरे दाखवून शिकवलं, त्यात तसे डोळे पुरेसे नसले की हे होतं. यंत्र आणि रेखाकारांचे विद्यार्थी एकाच शाळेत शिकलेत.

रेखाकार

मकरपुरावाला, हे वर्गात सांगणार!

काल वर्गात एक प्रयोग केला. रेघ काढायलाच बंदी. फक्त कोळशाने छटा. पापणीचा वरचा भाग उजळ, गोलसर, कारण आत चरबी आहे आणि भुवईखाली खोल सावली पडतच नाही. सावली फक्त पापणीच्या काठाखाली, एक जाड गडद पट्टा. केस त्यातूनच बाहेर. आतल्या कोपऱ्यात गुलाबी ठिपका दाखवायचा नाही, तिथे झालरीची हलकी कड. बाहेरचा कोपरा मोजून. तासाभरात डोळे डोळ्यांसारखे दिसू लागले. मॉडेल उठून सगळ्यांचे कागद बघत फिरली आणि एका कागदापाशी थांबून म्हणाली, "ये मेरी मम्मी लग रही है."

मुलांना पुढच्या आठवड्यात कीर्ती मंदिरात नेतोय, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं दाखवायला. नंदलाल तरुणपणी अजिंठ्याच्या नकला करून आलेले, पुढे १९२४ मध्ये टागोरांबरोबर चीन-जपानला गेलेले. त्यांच्या माणसांच्या खाली झुकलेल्या, लांबट पापण्यांत अजिंठा किती आणि जपानी कुंचला किती हे बघायचं आहे. तिथेही घडी एका रेघेत आहे, पण ती रेघ बघून काढलेली आहे, सवयीने नाही.

चिकित्सक

कीर्ती मंदिराचे फोटो काढू देत असतील तर इथे टाका. गंगावतरणातले चेहरे विशेषतः.

विश्वामित्रीकाठ

उशिरा आलो, सगळं वाचलं. एक शंका. माझं वय ५८. दोन्ही डोळ्यांना नेहमी सारखी घडी होती. गेल्या दिवाळीपासून डाव्या डोळ्याची घडी वर सरकली आहे आणि पापणी खाली आल्यासारखी वाटते. बायको म्हणते वयाने होतं. हे या विषयात बसतं का?

नेत्रवैद्य

बसतं, आणि बरं झालं विचारलंत. जन्मापासूनची ठेवण वेगळी आणि नंतर झालेला बदल वेगळा. घडी वर सरकली आणि पापणी उतरली म्हणजे लेव्हेटरची पकड पट्टीवरून सुटत असावी, पण कातडीतले तंतू अजून धरून आहेत. वयाने हे होतं, वहिनींचं म्हणणं चूक नाही. पण तपासल्याशिवाय तसं म्हणून सोडू नका. संध्याकाळी जास्त उतरते का, दोन-दोन दिसतं का, गिळताना-बोलताना थकवा येतो का, हे लक्षात ठेवून सांगा, कारण स्नायूंचा एक आजार असाच सुरू होतो. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का ते आरशात बघा. अचानक डोकं दुखून पापणी पूर्ण मिटली किंवा एक बाहुली मोठी झाली तर क्लिनिकची वेळ बघत बसू नका, सरळ इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.

नाहीतर या आठवड्यात कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे दाखवा. जाताना पाच-दहा वर्षांपूर्वीचे चार फोटो घेऊन जा. समोरून काढलेले, गॉगल नसलेले.

विश्वामित्रीकाठ

दोन-दोन दिसत नाही, बाहुल्या सारख्या आहेत. घरातल्या एका मुंजीचे फोटो आहेत, त्यात समोर बघतोय. सोमवारची वेळ घेतली.